नुजहतचे डबे

आमच्या चुनाभट्टी लाईनीत कुणाच्या घरी काय शिजून राह्यलं, हे त्या घरच्या नवऱ्याआधी मला कळतं. यात माझी हुशारी काही नाही. माझी पिठाची गिरणी आहे. माणूस दळणाचा डबा घेऊन येतो, पट्टा फिरायला लागतो, आणि या घरघरीत आपलं कोण ऐकतं अशा भरवशावर तो शेजारच्याला ओरडून ओरडून सगळं सांगतो. इतक्या वर्षांत मी ओठ वाचायला शिकलो आहे. पीठ बायका घरी नेऊन चाळतात, बाकीचं सगळं मी इथंच चाळतो.

तेव्हा रहमत मिस्त्रीच्या नुजहतबद्दल लिहायचं, तर तो हक्क माझाच. आमची भिंत एक. त्यांच्याकडे ताटली पडली की माझी बायको उज्ज्वला इकडून विचारते, "भाभी, काय फुटलं वं?" आणि कमरुन्निसा भाभी तिकडून सांगते, "कुछ नहीं, नुजहतचं डोकं." पोरगी लहानपणापासून काही ना काही उघडून बसायची. मिक्सर, घड्याळ, बापाच्या गॅरेजातला हॉर्न. उघडलेलं परत लावायची, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एकदा आमचा रेडिओ तिने लावून दिला, तेव्हापासून त्यावर फक्त आदिलाबाद लागतं. मी म्हटलं, "पोरी, हे काय केलंस?" तर म्हणाली, "काका, तुमची गिरणी अन् तुमचं तोंड एकाच मोटरीवर चालते का? जरा तेलगू ऐका, तेवढाच आराम आम्हाले."

आमची लाईन राजूरपासून जरा आत आहे. एकाला एक चिकटलेली घरं, टोकाला हंसाबाईचं घर, तिच्या शेळ्या, आणि त्यापुढे मैदान. गणपती तिथंच बसतो, कव्वाली तिथंच होते, हरलेल्या क्रिकेटची मारामारीही तिथंच. त्या मैदानाखाली काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. खाली जुनी खाण आहे. माझ्या आज्याच्या वेळेसच बंद पडली. कोळसा काढून नेला, आणि वरचं छत टेकून राहावं म्हणून मधे मधे कोळशाचेच खांब सोडले, असं म्हणतात. ते खांब आता कसे आहेत, हे पाहून आलेला माणूस मला अजून भेटला नाही.

नुजहत इंजिनिअरिंगला यवतमाळला गेली. हॉस्टेलवर पोहोचवायला रहमत स्वतः गेला होता आणि परत येताना एसटीत पंक्चरलेल्या ट्यूबसारखा बसला होता, असं कंडक्टरनेच मला सांगितलं. पहिल्याच वर्षी विद्यापीठाची प्रोग्रॅमिंगची स्पर्धा होती. दोघींचा संघ, एक कॉम्प्युटर, आणि गणितासारखी कोडी. एक कोडं सुटलं की टेबलाला एक फुगा बांधतात. ही पोरगी आणि तिची पुसदची मैत्रीण निकिता, दोघींच्या टेबलावर सगळ्यात जास्त फुगे. रहमत गिरणीवर सांगत आला.

"भगवानराव, पोरगी जिंकून आली!"

"काय आणलं?"

"फुगे."

"मिस्त्री, फुगे तर राजूरच्या बाजारातही भेटतात. त्याच्यासाठी यवतमाळची फी कायले?"

रहमत हसला नाही. त्याने त्यातला एक लाल फुगा गॅरेजात टायरच्या वर टांगला. हवा गेली, सुरकुत्या पडल्या, तरी काढला नाही. कोळसा वाहणाऱ्या टिपर-ट्रकांचे ड्रायव्हर विचारायचे, हे काय आहे? तो सांगायचा, ही माझ्या पोरीची ट्रॉफी आहे.

दुसऱ्या वर्षी तिने एक छोटी गाडी बनवली, रेघेवरून आपोआप चालणारी. सराव सुट्टीत आमच्या गल्लीत. आमची जमीन कोळशानं काळी, त्यावर तिने चुन्याची पांढरी रेघ ओढली, आणि गाडी शहाण्या मुलासारखी त्या रेघेवरून वळणं घेत निघाली. हंसाबाईच्या शेळीने मधली रेघ चाटून टाकली. गाडीला पुढची रेघ सापडली ती हंसाबाईच्या उंबऱ्यावरच्या रांगोळीची. गाडी सरळ घरात. हंसाबाई खाटेवर चढून ओरडत होती, "रहमत, तुह्या पोरीचं भूत आवर!" नंतर त्याच गाडीने अमरावतीला पहिला नंबर आणला, आणि हंसाबाई लाईनीत सांगत फिरली की गाडीला वळायचं शिकवलं ते तिच्या शेळीने.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पुढचं सांगायच्या आधी माझ्या तोंडाची गिरणी बंद केली असती, तर बरं झालं असतं.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी एक रीत आहे. घराला रंग लावायच्या आधी दाराला रंधा. सुतार लाईनीच्या एका टोकाला शिरतो आणि दुसऱ्या टोकाला निघतो. प्रत्येक दाराचा वरचा कोपरा तासतो, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दार चौकटीत अडकतं. माझ्या बापाने तासून घेतलं, मी तासून घेतो. खाली पडलेला भुसा पोरं होळीच्या बेगमीला उचलून नेतात. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी नुजहत दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा सुतार माझं दार तासत होता, आणि शेजारी रहमत ग्राइंडर घेऊन आपल्या दाराचा कोपरा घासत होता. ठिणग्या उडत होत्या. मिस्त्रीचं दार लोखंडी आहे, टिपरच्या पत्र्याचं, त्याने स्वतः बनवलेलं. पोरगी माझ्या ओट्यावर चहा पीत बसली होती. कप तिच्या हातातच राहिला.

"काका, सुतार काहून येते?"

"लाकूड फुगते बेटा. इंजिनिअर झाली, एवढं माहीत नाही?"

"अन् लोखंड?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माझं तोंड असं उघडं राहून आवाज न येणं लाईनीने पहिल्यांदा पाहिलं असेल.

त्या दिवशी ती घरोघर फिरली. लोकांना वाटलं फराळाला आली. ती चिवडा खाता खाता दारं पाहत होती. रांगेतल्या प्रत्येक दाराचा वरचा एकच कोपरा तासलेला होता. मैदानाकडचा. माझ्याकडे थोडा, पुढे जास्त, हंसाबाईच्या दाराचा तर पार पाचरीएवढा तुकडा वर्षानुवर्षं निघून गेलेला. सगळी लाईन मान वाकवून मैदानाकडे पाहत होती, आणि आम्ही दर दिवाळीला तिची मान तासत होतो.

मग आले ते डबे. प्लास्टिकचे, झाकण घट्ट बसणारे, भाभीच्या फडताळातले. आत पोस्टाच्या तिकिटाएवढा एक तुकडा, भिंत केसभर झुकली तरी त्याला कळायचं. वर सूर्याची छोटी प्लेट, कारण आमच्या विजेचा भरवसा नाही. डबा दर थोड्या वेळाने आपला झुकाव मोबाईलवर पाठवायचा, आणि निकिताने बनवलेल्या नकाशावर ठिपका दिसायचा. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे सरकतं आहे. लाल म्हणजे विचारत बसू नका. आणि डबाच मुका झाला तर ठिपका राखेच्या रंगाचा. सात नंबरचा डबा माझ्या भिंतीवर. सगळ्यात महत्त्वाचा चार नंबर, मैदानाच्या काठावरच्या लोखंडी खांबावर, उंच, कारण खाली लावला तर शेळ्या खातात.

मला तिने त्या डब्यांचा राखणदार नेमलं. "तुम्ही तसेही दिवसभर ओट्यावर बसून लोकांवर नजर ठेवता. त्यातच माझ्या डब्यांवर ठेवा. नवीन काम नाही काही."

पहिले काही दिवस सात नंबरने तिला वेड लावलं. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि यवतमाळला तिच्या मोबाईलवर बोंब व्हायची. फोन यायचा, "काका, गिरणी चालू आहे का?" मी म्हणायचो, "चालू आहे, ज्वारी आहे तुह्या काकूची." ती म्हणायची, "मग ठीक आहे." पुढे तिने डब्याला माझ्या गिरणीची थरथर ओळखायला शिकवली, तरी खात्रीसाठी फोन करायची सवय राहिली. उज्ज्वला चिडवायची, "तुमच्यापेक्षा तुमच्या गिरणीची तब्येत जास्त विचारते ती."

डब्यांची मांडणी कॉलेजात पहिली आली, मग विद्यापीठात, मग राज्यात. प्रत्येक पायरीवर गॅरेजात एक नवीन सन्मानचिन्ह, आणि फुगा होता तिथंच. पण ती खूश दिसेना. ती एका साहेबाकडे जाऊन आली होती. कुठल्या ऑफिसात ते मी लिहीत नाही, त्या ऑफिसात जायची पाळी माझ्यावरही येते. साहेबाने आकडे पाहिले, डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे लोणच्याचं आहे का?" मग म्हणाला, "कॉलेजच्या प्रोजेक्टवर आम्ही वस्ती हलवत नसतो. देशपातळीवर जिंकून या, मोठ्या परीक्षकांची सही आणा, मग मोजणीला माणूस पाठवतो."

म्हणजे बाकीच्या पोरी नोकरीसाठी जिंकायला जात होत्या, आणि ही आपली गल्ली हलवण्यासाठी.

तिने लाईनीला सांगून पाहिलं. रामलालला, जो आमचा मंडपवाला आणि वरून पुढारी, तिने मैदानावर गर्दी जमवू नका म्हटलं. रामलाल म्हणाला, "ठिपका कोणता आहे? हिरवा ना? मग? तुह्याच मशीनवर तुहाच विश्वास नाही का?" हंसाबाईला तिने घर सोडायला सांगितलं. हंसाबाईने बरीच घासाघीस केली.

"हिरव्यात मी निघत नाही. शेळ्या घेऊन कुठं जाऊ?"

"पिवळा झाला तर?"

"पिवळा झाला तर निघतो. तुह्या गळ्याची आण. पण तू खोटा पिवळा करशील तर पाहा!"

पोरीने हात पुढे केला, म्हातारीने त्यावर हात मारला. तो सौदा माझ्या ओट्यावर झाला, साक्षीदार मी. म्हणजे हंसाबाईचा जीव त्या चार नंबरच्या डब्यावर ठेवलेला होता, आणि हे आम्ही सगळे जाणत होतो. आम्ही तिला रोज चिडवायचो, "हंसाबाई, आज कोणता रंग?" ती पदर दाखवून म्हणायची, "जो नेसला तो."

चौथ्या वर्षी डिसेंबरात अंतिम फेरी नागपूरला लागली. देशभरातले संघ. रहमतच्या अंगात त्या आठवड्यात गणपती आणि ईद एकदमच आली होती. जन्मभर टिपरखाली उताणा पडलेला माणूस, लोकांनी त्याचे फक्त बूट पाहिलेले. त्याला एकदा छाती काढून उभं राहायचं होतं. रामलालने त्याला भला मोठा फ्लेक्स छापून आणून दिला. वर नुजहतचा फोटो, खाली 'आमच्या लाईनीची शान', त्याखाली शुभेच्छुक म्हणून रामलालचा फोटो, नुजहतच्या फोटोपेक्षा किंचितच लहान. आणि ठरलं की अंतिम फेरीचं थेट प्रक्षेपण मैदानावर मोठ्या पडद्यावर पाहायचं. खुर्च्या, चहा, भजी.

"पोरगी मैदानावर गर्दी नको म्हणते," भाभीने एकदा हळूच सांगून पाहिलं.

"हिरवा आहे, भाभी," मीच म्हणालो. "मी रोज पाहतो."

फ्लेक्स कुठं बांधायचा यावर मोठी चर्चा झाली. वणीच्या रस्त्यावरून दिसला पाहिजे. सगळ्यात उंच जागा म्हणजे मैदानाचा खांब. रहमत स्वतः शिडी लावून चढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तारेने असा करकचून बांधला, की वारा आला तरी पोरीच्या चेहऱ्यावर सुरकुती पडू नये. खाली उभे राहून आम्ही सगळे "थोडा डावीकडे, मिस्त्री, थोडा वर" सांगत होतो. फ्लेक्स तिथंच होता, डबा त्याच्यामागे. हे खालून आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणालाच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला माझ्या मोबाईलवर नकाशा पाहून म्हणाली, "अहो, चार नंबर राखेसारखा दिसून राह्यला."

मी भजीच्या बेसनाचं दळण काढत होतो. म्हटलं, "नेटवर्क नसेल."

अंतिम फेरीच्या दुपारी सगळी लाईन मैदानावर. पुढच्या रांगेत हंसाबाई, मांडीवर शेळीचं पिल्लू. पडद्यावर नागपूरचं सभागृह, एक कुठलासा संघ इंग्रजीत ड्रोनबद्दल बोलत होता आणि पोरं "नुजहतदीदी कधी?" म्हणून ओरडत होती. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"काका, चार नंबर गप आहे. मले वाटलं बॅटरी हलली असंल, पण उठूनच नाही राह्यला. आता आमचाच नंबर आहे. जाऊन पाहता का खांबापाशी?"

"जायचं काय, मी खांबाखालीच आहो."

"मैदानावर? कायले?"

"तुले पाहाले. सारी लाईन बसली आहे इथं. रामलालनं पडदा लावला."

पलीकडे सभागृहातल्या टाळ्या ऐकू आल्या.

"काका, वर पाहा. प्लेटवर ऊन पडते का?"

मी वर पाहिलं. ऊन छान पडलं होतं, तिच्या गालावर, दातांवर, 'शान' या शब्दावर. आयुष्यभर मला चेष्टा सुचायला वेळ लागला नाही. त्या दिवशी सुचली, पण तोंडातून निघेना.

"बेटा, प्लेट नाही दिसत. तिच्यावर तू आहेस."

"आधी लोक उठवा," ती म्हणाली आणि फोन कटला. तिचं नाव पुकारलं होतं.

मी रामलालला गाठलं. तो म्हणाला, "आता? तिचा नंबर आला अन् आता उठवू? काय भगवानराव, इथंही तुमची मस्करी!" लाईनीत मी खरं बोललो तरी लोक आधी हसून घेतात. रहमतने मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता शिडी ओढली. चढला. जी तार दोन दिवसांपूर्वी त्याने एवढ्या प्रेमाने पिळली होती, ती आता त्याच्या बोटांना सुटेना. दात लावून त्याने एक बाजू सोडवली. फ्लेक्स अर्धा खाली लोंबला, पोरीचा चेहरा दुमडला, आणि डब्यावर ऊन पडलं.

डबा जागा व्हायला वेळ लागतो. पडद्यावर नुजहत आली. काळा कुर्ता, केस बांधलेले, हातात मोबाईल. मैदानावर शिट्ट्या. ती नकाशा दाखवत हसून सांगत होती, ही माझी गल्ली. हा माझ्या शेजाऱ्यांचा डबा, त्यांच्या गिरणीमुळे आमचं यंत्र हुशार झालं. लोकांनी मागे वळून मला टाळ्या दिल्या. चार नंबरचा ठिपका राखेच्या रंगाचा.

आणि त्याच वेळी माझ्या हातातला फोन पुन्हा वाजला. पडद्यावर ती हसतच होती, मोबाईल खाली धरून. फोनमध्ये तीच ओरडत होती.

"लाल आहे! काका, पिवळा नाही, सरळ लाल! उठवा सगळ्यांले!"

मी पडद्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. थेट प्रक्षेपण म्हणतात ते थेट नसतं, मागून येत असतं, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? मी ओरडलो, "उठा रे! लाल झालं!"

"कुठं लाल?" रामलालने पडद्याकडे बोट केलं. "पाहा ना, राखेसारखाच आहे. ती तर हसून राह्यली!"

सगळे हसले. अजून हसत होते तोवर पडद्यावरचा ठिपका लाल झाला. नागपूरचे परीक्षक खुर्चीत पुढे सरकले, एकाने दुसऱ्याकडे पाहून मान डोलावली, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं, काय सुरेख प्रात्यक्षिक बसवलं आहे पोरीने. त्यांचं पाहून आमच्या मैदानावरही टाळ्या सुरू झाल्या.

हंसाबाईने शेजारणीला विचारलं, "लाल म्हणजे जिंकली का वं?"

पडद्यावर नुजहतने मोबाईल कानाला लावला. तोंड हलत होतं. मी ओठ वाचले. जे मी आधीच ऐकलं होतं, तेच ती आता बोलत होती.

लोक उठले ते माझ्यामुळे नाही. वरून रहमत ओरडला. तो शिडीच्या टोकावर खांबाला मिठी मारून होता. "अरे उठो! खंबा हिल रहा है! मेरे हाथ में हिल रहा है!" रहमत मस्करी करत नाही, हे लाईनीला माहीत आहे. खुर्च्या उलटल्या. बायकांनी पोरं काखेत मारली. हंसाबाई शेळ्यांकडे धावत होती, भाभीने आणि उज्ज्वलाने तिला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि रस्त्यावर नेऊन आपटलं. ती शिव्या देत होती. रहमत शिडीवरून उतरला नाही, पडला, आणि लंगडत आमच्याकडे आला.

मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दळणात खडा आला की जातं कसं क्षणभर अडखळतं, तसं काहीतरी पायाखाली अडखळलं. मग मैदान मधल्यापासून काठापर्यंत शांतपणे खाली गेलं, खुर्च्या, कढई, पडदा, खांब, फ्लेक्स घेऊन. हंसाबाईच्या घराची मागची भिंत त्यात बसून गेली. धूळ उठली. आणि त्या धुळीत, खालून, पडद्याशेजारच्या स्पीकरमधून टाळ्या ऐकू येत होत्या. नागपूरच्या टाळ्या. वायर तुटेपर्यंत त्या खड्ड्यातून वाजत राहिल्या. रस्त्यावर उभं राहून आम्ही सगळ्यांनी त्या ऐकल्या.

माणूस एकही गेला नाही. हंसाबाईच्या दोन शेळ्या गेल्या.

नुजहतला पहिलं बक्षीस मिळालं नाही. ती प्रश्नोत्तराला थांबलीच नाही, मंचावरून तशीच निघून एसटी स्टँडवर गेली होती. निकिता मागे राहिली. तिला परीक्षकांनी विचारलं, तुमच्या यंत्राची अचूकता किती? निकिता रडायला लागली, आणि त्यांना वाटलं उत्तर येत नाही. 'विशेष उल्लेख' म्हणून एक चिन्ह मिळालं. रहमतने पाय प्लास्टरमध्ये असताना ते गॅरेजात टांगलं, फुग्याच्या खाली.

साहेब आले. खड्ड्याभोवती पट्ट्या बांधल्या, ट्रकांनी माती टाकली, फोटो काढले. हंसाबाईची सोय शाळेच्या खोलीत झाली. साहेब माझ्या ओट्यावर चहा प्यायले आणि म्हणाले, "जे बसायचं होतं ते बसलं. बाकीची लाईन मजबूत आहे."

नुजहत शेजारीच उभी होती. म्हणाली, "साहेब, दार लावून पाहता का काकांचं?"

साहेबांनी दार ओढलं. अडकलं. दिवाळीतच तासलेलं होतं. ते हसले, म्हणाले, "लाकूड आहे, फुगतं."

तिने पुन्हा नवे डबे लावले, माझ्या भिंतीवरचा सात नंबर जरा वर सरकवला आणि परीक्षेला यवतमाळला गेली. जाताना मला म्हणाली, "काका, आता जोक बाजूला ठेवा. मी फोन केला की फक्त हो नाहीतर नाही सांगा."

गेल्या आठवड्यात एक दिवस सकाळपासून वीज नव्हती. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, उज्ज्वला आत कणीक मळत होती. फोन आला.

"काका, गिरणी चालू आहे का?"

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, जरा जास्तच नेहमीसारखा. मी मागे वळून पाहिलं. पट्टा सैल लोंबत होता. जात्यावर हात ठेवला. थंड होतं. मग तो हात मी भिंतीवर ठेवला.

"नाही," मी म्हटलं.

मी फोन खिशात टाकला. उज्ज्वलाला हाताची कणीक पुसू न देता बाहेर काढलं, भाभीला भिंतीवर थाप मारून हाक दिली, रहमतला त्याच्या कुबड्यांसकट स्कूटीवर घातलं. दार लावायला गेलो तर लागेना. तसंच उघडं टाकून आलो.

हे मी वणीला मेहुण्याकडे बसून लिहितो आहे. लाईनीतली अर्धी घरं रिकामी झाली, अर्ध्यांना वाटतं आम्ही घाबरट. रामलालने तर विचारलं, आता दळण कुठं न्यायचं? घर अजून उभं आहे. मोबाईलवर सात नंबरचा ठिपका मी सारखा पाहतो. पिवळा आहे. मेहुण्याची बायको विचारते, एवढं काय पाहता, कोण आहे? मी म्हणतो, शेजारची पोरगी आहे, माझ्या गिरणीची तब्येत विचारते.